झेड आणि लीन: सोलापूरच्या टॉवेल कारखान्याला या दोन योजनांतून नेमकं काय पदरात पडतं?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत हल्ली बऱ्याच कारखान्यांच्या दर्शनी भिंतीवर झेडचं, म्हणजे केंद्र सरकारच्या गुणवत्ता योजनेचं, ब्राँझ प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं दिसतं. आत शेडमध्ये गेलं की काही ठिकाणी त्याची खूण दिसते, काही ठिकाणी अजिबात दिसत नाही. हा फरक कशामुळे पडतो, पैसे आणि वेळ घालवण्याइतकी ही सेवा कामाची आहे का आणि असेल तर तिच्यातून काय उचलायचं, हे यंत्रमागधारकांसाठी इथे लिहीत आहोत. हिशेब टॉवेलचा घेतला आहे. चादर किंवा गणवेश शिवणाऱ्या युनिटला आकडे बदलून तोच लावता येईल.

आधी दराचं बोलू. झेड म्हणजे शून्य दोष आणि पर्यावरणावर शून्य दुष्परिणाम. केंद्राच्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) मंत्रालयाची ही योजना २०१६ मध्ये आली आणि एप्रिल २०२२ मध्ये नव्या स्वरूपात पुन्हा सुरू झाली. पायऱ्या तीन. ब्राँझचा खर्च १०,००० रुपये, सिल्व्हरचा ४०,००० आणि गोल्डचा ९०,०००. यात सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघुला ६० टक्के आणि मध्यमला ५० टक्के अनुदान मिळतं. महिला मालकीच्या उद्योगाला १०० टक्के. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा यंत्रसामग्रीत अडीच कोटी आणि उलाढालीत १० कोटी झाली आहे, त्यामुळे आपल्याकडचे बहुतेक यंत्रमाग कारखाने ८० टक्क्यांतच बसतात. शिवाय झेडची शपथ घेतली की १०,००० रुपयांचं प्रोत्साहन जमा होतं. ते हातात मिळत नाही, प्रमाणपत्राच्या खर्चातच वळतं होतं. म्हणजे सूक्ष्म युनिटला ब्राँझ जवळजवळ फुकट पडतं. एजंट मध्ये घालून पैसे मोजणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं.

अर्जाला उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) लागते. झेडच्या पोर्टलवर उद्यम क्रमांकाने खातं उघडायचं, शपथ घ्यायची, ब्राँझचा अर्ज भरायचा आणि पुरावे चढवायचे. ब्राँझला पाच कसोट्या आहेत: नेतृत्व, स्वच्छ कार्यस्थळ, कामगारांची सुरक्षितता, वेळेवर माल देण्याचं मोजमाप आणि गुणवत्ता व्यवस्थापन. सिल्व्हरला १४, गोल्डला २०. उद्यम नोंदणीतला पत्ता आणि शेडचा खरा पत्ता वेगळा असेल तर अर्ज तिथेच अडतो. भाड्याच्या शेडमध्ये हे हमखास होतं. आधी उद्यम दुरुस्त करा, मग पुढे जा.

इथवर सेवा चांगली आहे: स्वस्त, सोपी आणि सरळ. पण ब्राँझचा निकाल तुम्ही चढवलेल्या फोटो आणि कागदांवर लागतो. सल्लागार एक दिवस येतो, शेड झाडून घेतो, अग्निशामक नळकांडं भिंतीला टांगतो, फोटो काढतो. सोबत दुसऱ्याच कारखान्यासाठी बनवलेली कार्यपद्धतीची फाइल नाव बदलून देतो. ती उघडली की आत मागाची नाही तर लेथ मशीनची देखभाल निघते. सहा महिन्यांची दोष-नोंदवही एका बैठकीत भरलेली असते. ओळखायला सोपं आहे: सगळ्या पानांवर एकच शाई, एकच हस्ताक्षर, तेलाचा एकही डाग नाही. मागाशेजारी सहा महिने राहिलेली वही इतकी गोरी राहूच शकत नाही.

असं प्रमाणपत्र मिळतं आणि त्याने कारखान्याचं काहीही भलं होत नाही. कारण या पाच कसोट्यांतल्या दोनच तुमच्या कारखान्याला शिकवतात: वेळेवर पुरवठ्याचं मोजमाप आणि गुणवत्ता. त्या दोन खरेपणाने केल्या तर बाकीचं सगळं त्यांच्या मागोमाग येतं.

वजनापासून सुरुवात करा. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा टॉवेल म्हणजे १.१२५ चौरस मीटर. ४०० जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला ४०० ग्रॅमची, ऑर्डर असेल तर नग ४५० ग्रॅमचा हवा. पाइल (टॉवेलवरचे धाग्याचे फासे) जरा सैल सुटली आणि टॉवेल पाच टक्के जड झाला तर नगामागे साडेबावीस ग्रॅम, डझनाला २७० ग्रॅम आणि शंभर डझनांत २७ किलो सूत फुकट गेलं. उलट हलका झाला तर गिऱ्हाईक माल परत पाठवतं. सोलापुरात हे वजन बहुधा गठ्ठा बांधताना कळतं, तेव्हा बीम (उभ्या सुताचा रूळ) संपलेली असते.

त्यासाठी जीएसएम कटर घ्यायला धावू नका. कटर १०० चौरस सेंटिमीटरचा गोल तुकडा कापतो, ४०० जीएसएमला तो तुकडा चारच ग्रॅमचा. साध्या काट्यावर ०.१ ग्रॅमची चूक झाली की हिशेबात १० जीएसएमचा फरक पडतो, आणि टॉवेल वाया जातो तो वेगळाच. अख्खा टॉवेल एक ग्रॅम अचूकतेच्या काट्यावर ठेवा. प्रत्येक मागाचे पाळीला तीन नग पुरेत, आणि वजनासमोर पाइल बीम भरलेली होती, अर्धी होती की संपत आली होती तेही लिहा. कारण जुन्या मागावर बीमला दोर आणि वजनांनी ताण दिलेला असतो. सूत कमी होत गेलं आणि बीम बारीक झाली की, वजनं तशीच ठेवली तर, पाइलच्या तारांवरचा (धाग्यांवरचा) ताण वाढतो, पाइल आखूड बसते आणि टॉवेल हलका येतो. जॉबरला (माग लावून देणाऱ्या कारागिराला) हे हाताने माहीत असतं, तो अधूनमधून वजन सरकवतो. पण किती सरकवायचं आणि कधी, हे त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नसतं. दोन आठवडे टॉवेलची वजनं लिहिली की बीमच्या कोणत्या टप्प्यावर दोराचं वजन सरकवायचं ते कागदावर येतं. मग नवा जॉबरही ते करू शकतो. मोठमोठ्या चर्चासत्रांत संस्थेने शिकणं म्हणतात ते यंत्रमागावर एवढंच असतं: एकाच्या हातातली गोष्ट चौघांच्या वहीत येणं.

ऋतूचंही भान ठेवा. सुती धाग्याचा प्रमाणित ओलावा साडेआठ टक्के धरतात. एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी तो उतरतो, टॉवेल हलका भरतो आणि तारा जास्त तुटतात. विणाईच्या शेडला आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या पुढे हवी. दुपारी एक ते चारमध्ये तुटी वाढत असतील तर सुतवाल्याला शिव्या देण्याआधी शेडमध्ये आर्द्रतामापक टांगा.

दुसरी वही माग थांबण्याची. वही म्हणण्यापेक्षा पाटी म्हणा, कारण एकाच वेळी अनेक माग सांभाळणारा कामगार पेन उघडून वेळ लिहिणार नाही आणि त्याने लिहावं अशी अपेक्षाही करू नये. प्रत्येक मागाच्या कडेला वीतभर पाटी टांगा आणि सहा रकाने आखा: ताणा (उभे धागे), बाणा (आडवे धागे), बीम, डॉबी (नक्षीसाठी धागे उचलणारं यंत्र), वीज, सूत नाही. माग थांबला की खडूने त्या रकान्यात एक रेघ. पाच मिनिटांहून जास्त थांबला तर रेघेला गोल. पाळी सुटताना मुकादम मोबाइलवर पाटीचा फोटो काढतो आणि पुसतो. बस. रकान्यांना अक्षरांसोबत चित्रं काढा, कारण शेडमध्ये मराठी, तेलुगू आणि कन्नड वाचणारे असतात आणि काहींना तिन्ही वाचता येत नाहीत. फोटोतल्या रेघा रविवारी कारकुनाने मोजून तक्ता केला की ब्राँझच्या गुणवत्तेच्या कसोटीला लागणारा पुरावा आपोआप तयार होतो. तोही तेलाच्या डागांसकट.

फायदा किती, हे मांडून बघू. माग मिनिटाला १२० पिक (आडव्या धाग्याच्या फेऱ्या) मारतो आणि सेंटिमीटरला १६ पिक लागतात असं धरा. दीडशे सेंटिमीटरला २,४०० पिक. आठ तासांत ५७,६०० पिक, म्हणजे माग अजिबात न थांबता एका पन्ह्याचे २४ टॉवेल. माग ६० टक्के चालला तर साडेचौदाच्या आसपास, ७० टक्के चालला तर जवळपास १७. चोवीस माग आणि दोन पाळ्या धरल्या तर हा दहा टक्क्यांचा फरक दिवसाला साडेनऊ डझनांवर जातो. नवा माग न घेता, नवा माणूस न ठेवता. यासाठी प्रत्येक मागाचा पाळीत ४८ मिनिटांचा थांबा वाचवायचा असतो आणि पाटी नेमकं तेच दाखवते.

हे सगळं चालू केल्यावर पहिल्या पंधरवड्यात पाट्या कोऱ्या दिसतील. ते कामगारांच्या आळसामुळे नव्हे, मजुरीच्या पद्धतीमुळे. मजुरी नगावर असते आणि खराब नगाची वजावट होते. चूक दिसली की ती लपवायची, घडीत आत दुमडायची, हा धडा आपणच वर्षानुवर्षे दिला आहे. सुटलेली पिक तपासणीच्या टेबलावर पोचते तोवर त्या मागावर आणखी तीस नग तसेच निघालेले असतात. झेडच्या कसोट्यांत वजावटीबद्दल अवाक्षर नाही आणि आमच्या मते या सेवेतली सर्वांत मोठी उणीव तीच आहे. उपाय स्वस्त आहे: कामगाराने त्याच पाळीत स्वतः दाखवलेल्या दोषाला वजावट नाही, तपासणीत सापडलेल्याला आहे. हा नियम पगाराच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगा आणि पहिल्याच महिन्यात कुणी दहा दोष दाखवले तरी मोडू नका. एकदा मोडलात की पाटी कायमची कोरी राहील.

आता लीन, म्हणजे कामातला वाया जाणारा वेळ आणि माल कमी करण्याची रीत. मार्च २०२३ मध्ये सुरू झालेली ही सोबतची योजना. बेसिक, इंटरमीडिएट आणि ॲडव्हान्स्ड अशा तीन पायऱ्या. बेसिक ऑनलाइन आणि मोफत. पुढच्या पायऱ्यांना सल्लागार तुमच्या शेडमध्ये येऊन काम करतो आणि त्याच्या खर्चाचा ९० टक्के भार सरकार उचलतं. राष्ट्रीय उत्पादकता परिषद आणि भारतीय गुणवत्ता परिषद या दोन संस्था ती राबवतात. आमचा कौल इथे झेडपेक्षा जास्त अनुकूल आहे, कारण लीनमध्ये फोटोपेक्षा हात चालतात. आणि ही विद्या परकी समजू नका, ती मागावरच जन्मली आहे. जपानच्या साकिची टोयोडांनी १९२४ मध्ये असा स्वयंचलित माग पूर्ण केला की तार तुटली की तो आपोआप थांबे, म्हणजे खराब कापड विणलं जाण्याआधीच. त्याच्या पेटंटचे हक्क १९२९ मध्ये ब्रिटनच्या प्लॅट ब्रदर्सने घेतले. टोयोटाच्या मोटारी त्यानंतरच्या. आपल्याकडच्या जुन्या साध्या मागांवर ताण्याची तार तुटल्यावर थांबण्याची ही सोय आजही नाही. तिथे कामगाराचा डोळा हेच यंत्र आहे आणि एकाला किती माग द्यायचे हे ठरवताना ते विसरू नये.

लीनमधली ‘पाच वेळा का विचारा’ ही रीत टॉवेलवर कशी चालते ते पाहा. सात नंबरच्या मागावर ताण्याच्या रकान्यात रेघाच रेघा. का? तारा तुटतात. कुठे? उजव्या कडेलाच. का? कडेच्या तारा जास्त ताणलेल्या आहेत. का? बीमवर कडेला सूत उंच गुंडाळलं गेलंय. का? वार्पिंगवर (बीमवर सूत गुंडाळण्याच्या यंत्रावर) त्या बीमची चकती वाकडी आहे. दुरुस्ती एका चकतीची, आणि तोवर दोष सुताला दिला जात होता. पाटीवर तुटीची जागा ‘उजवी’ किंवा ‘डावी’ अशी एका बाणाने दाखवायची सवय लावली की हे चौकशीविना दिसतं. म्हणून पाटीवर बाणाला जागा ठेवा.

सल्लागाराकडून काय करून घ्यायचं ते तुम्हीच ठरवा, नाहीतर तो पिवळे पट्टे मारून निघून जाईल. टॉवेलला सर्वांत फळ देणारं काम म्हणजे बीम बदल. माग बंद करून त्यानंतर बीम आणायला जाणं, पान्हे शोधणं, गाठी मारणारा दुसऱ्या शेडमधून येईपर्यंत वाट बघणं, यात वेळ जातो. बीम संपायच्या तासभर आधी नवी बीम मागाशेजारी आणून ठेवा, तिच्यावरची चिठ्ठी आणि काउंट (सुताची जाडी) तपासा, गाठीवाल्याला निरोप द्या, पान्ह्यांची पेटी जागेवर हवी. माग चालू असताना होणारी कामं आणि बंद असतानाच होणारी कामं असे दोन भाग कागदावर मांडा आणि दहा बीम बदलांची वेळ घड्याळ लावून लिहा. बाकी रंगवलेली रेघ आणि सूचनाफलक नंतर.

सेटिंग कार्डाचा आग्रहही धरा. प्रत्येक डिझाइनला एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड: माग क्रमांक, फणीचा नंबर, पिक व्हील, पाइल आणि ग्राउंडच्या (पायाच्या विणीच्या) सुताचा काउंट, पाइलच्या दोरावरचं वजन, आलेल्या टॉवेलचं वजन, तारीख, जॉबरची सही. जॉबर हा सोलापुरातला सर्वांत जास्त पळवला जाणारा माणूस आहे. तो शेजारच्या गल्लीत गेला की त्याच्याबरोबर तुमच्या चाळीस डिझाइनांची सेटिंगं जातात आणि सहा महिन्यांनी जुनी ऑर्डर परत आली की सगळं शून्यापासून. कार्ड लिहायला जॉबर कुरकुर करेल, त्याला वाटेल आपली किंमत कमी होईल. म्हणून कार्डामागे वेगळा मोबदला ठेवा आणि कार्डावर त्याचंच नाव राहू द्या.

नव्या मालाचं या दोन्ही योजनांत फारसं काही नाही. सोलापूरची चादर आणि टेरी टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे, पण बाजार बांबू मिश्रण, कमी पिळाचं सूत, बाथरोब असं बरंच मागतो. निदान एक शिस्त पाळता येते. नमुन्याचे दहा नग विणा, पाच वेळा धुवा, आटणं आणि वजन लिहा, छोटा तुकडा पाण्यावर टाकून बुडायला किती सेकंद लागतात ते मोजा. सॉफ्टनर जास्त झाला की टॉवेल हाताला मऊ लागतो आणि पाण्यावर तरंगत राहतो. गिऱ्हाईक दुकानात हात फिरवून खूश होतं आणि घरी गेल्यावर तक्रार करतं. जमला नाही तो नमुनाही कारणासकट वहीत ठेवा, म्हणजे दोन वर्षांनी पुतण्या तोच प्रयोग पुन्हा करणार नाही.

सुरक्षिततेच्या कसोटीवर मात्र आमचं मत कडक आहे. १८ मे २०२५ च्या पहाटे याच एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जणांचा जीव गेला. ब्राँझसाठी नळकांड्याचा फोटो पुरतो. तेवढ्यावर थांबू नका. रात्री शेडच्या वर किंवा मागे कोण झोपतं, त्यांना बाहेर पडायला दुसरा दरवाजा आहे का आणि त्या दरवाजासमोर आत्ता सुताची पोती रचलेली आहेत का, हे आजच बघा. विजेच्या पॅनेलवर आणि मोटारींवर साचलेला उडता कापूस आठवड्यातून एकदा वीज बंद करून काढा. नळकांड्याची पिन काढून ते चालवून बघितलेला माणूस प्रत्येक पाळीत किमान एक तरी हवा. याला प्रमाणपत्राची वाट पाहायची नसते.

मग घ्यावं का? ब्राँझ जरूर घ्या, पण सल्लागाराविना. मुकादम आणि घरातलं शिकलेलं पोर मिळून ते करू शकतात, अडलंच तर जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. काही बँका झेड प्रमाणपत्रावर प्रोसेसिंग फी किंवा व्याजात सवलत देतात. तुमच्या शाखेकडून ते लेखी घ्या, तोंडी नको. लीनचं बेसिक लगेच करा आणि पाट्यांचे तीन महिन्यांचे तक्ते हातात आल्यावरच इंटरमीडिएटला जा, म्हणजे सल्लागाराला पहिल्या दिवसापासून काम दाखवता येईल. सिल्व्हरची घाई करू नका. सूक्ष्म युनिटला अनुदान जाऊन ८,००० रुपये लागतात. पाट्या सहा महिने सलग भरल्या जात नसतील तर ती रक्कम आधी चांगला वजनकाटा, आर्द्रतामापक आणि चोवीस पाट्यांवर घाला. पाट्या घेताना लाकडी चौकटीच्या घ्या. पत्र्याच्या पाट्या मागाच्या हादऱ्याने खडखडतात आणि दुसऱ्याच दिवशी कुणीतरी काढून ठेवतं.